सातव्या हौदातला आवाज

पंचावन्न वर्षं कासिल्दानं त्या वाइनरीत पाऊल टाकलं नव्हतं. मळ्याकडे जायचं झालं तरी ती एब्रो नदीच्या लांबच्या वाटेनं जायची. तिचा बाप एउसेबिओ तिथल्याच सातव्या हौदात मेला होता. रस आंबताना विषारी वायू तळाशी साचतो. म्हणून आधी पेटती मेणबत्ती दोरीनं खाली सोडायची आणि ती विझली तर उतरायचं नाही, हे द्राक्षमळ्यांच्या रिओखा प्रांतातलं शेंबडं पोरही जाणतं. एउसेबिओ मेणबत्ती न सोडताच उतरला. "पिऊन तर्र होता," असा निकाल गावानं देऊन टाकला. नऊ वर्षांच्या कासिल्दाला शाळेतल्या पोरी 'मेणबत्ती' म्हणून चिडवायच्या.

पुढे जुन्या वाइनरीवर नवी इमारत उठली. मागच्या डोंगररांगेसारखं नागमोडी धातूचं छत, खाली काचा आणि देवदाराचं लाकूड. कासिल्दाची सून नेरेआ तिथं पाहुण्यांना हिंडवायच्या नोकरीला लागली आणि सासूच्या मागेच लागली.

"आई, एकदा या तरी. जुनं काही उरलेलंच नाही."

"मग बघायला काय येऊ, तुझं छत?"

पण ऑक्टोबरातल्या एका रविवारी, द्राक्षांची तोड चालू असताना, ती गेली.

वर सगळं लख्ख होतं. जिना उतरल्यावर मात्र सिमेंटच्या जुन्या हौदांची रांग तशीच उभी होती. नव्या लोकांनी ती शोभेला राखली होती. आंबलेल्या रसाचा वास आला आणि कासिल्दाला बापाचा कोट आठवला. तेवढ्यात सातव्या हौदातून आवाज आला. ठक ठक ठक. मग जरा थांबून, ठक.

कामावरून आल्यावर बाप दार असंच वाजवायचा.

"नळ वाजतायत, आई," नेरेआ घाईनं म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"नळ नंतर आले," कोपऱ्यातून कुणीतरी बोललं. "आवाज आधीचा आहे."

बाकावर सातुर्निनो बसला होता. ऐंशी वर्षांचा, इथलाच जुना कामगार.

"काका, तुम्ही इथं?" कासिल्दानं विचारलं.

"दर सुगीला बोलावणं येतं, पोरी." त्यानं टोपी काढली. "त्या दिवशी मी उतरलो होतो. मुकादमानं घाई केली, मेणबत्ती सोडलीच नाही. मी पडलो. तुझा बाप धावत आला, खाली उतरला आणि माझ्या काखेत दोर बांधला. वरच्या गड्यांनी मला ओढून काढलं. दोर पुन्हा सोडला तेव्हा तो बांधून घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. मी वर पडलो होतो. तो आतून भिंत ठोकत होता, ते मला ऐकू येत होतं."

"आणि पिऊन होता म्हणून कोण म्हणालं?"

"मुकादम. आणि मी मान डोलावली."

"माझ्या लग्नात नाचलात तुम्ही."

"नाचलो."

"आईच्या मयताला खांदा दिलात!"

"दिला, पोरी."

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. पण मारायला समोर नुसती हाडं होती. तिनं त्याचा दंड धरला. "उठा. प्रार्थना सुटेल आता. चर्चसमोर सगळा गाव असेल."

"पाय चालत नाहीत गं."

"मी धरते."

चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. शाळेत सगळ्यांत जास्त चिडवणारी ओब्दुलिया पुढे आली, कासिल्दाचा हात दाबून रडली. कासिल्दाला रडू आलं नाही.

नाताळाआधी सातुर्निनो झोपेतच गेला. बापाच्या नावावरचा डाग गेला, आता तो आवाजही थांबला असेल, असं धरून कासिल्दा पुन्हा हौदांपाशी उतरली. गार सिमेंटवर तळवा टेकून ती म्हणाली, "बाबा, सांगितलं त्यानं. सगळ्या गावाला कळलं."

तिनं भिंतीला कान लावला.

मग ठक ठक ठक. ठक.

त्याला नावाचं काही पडलं नव्हतं. त्याला वर यायचं होतं.

दुपारी नेरेआ शोधत आली तेव्हा सासू हौदाला कपाळ टेकून जमिनीवर बसली होती आणि लहान पोरीच्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आले हं बाबा, दार उघडते. आले, आले."