न पेटलेली लाकडं

"घे तुझं अळंबं!" बार्दनं मूठ उघडली आणि तपकिरी, मऊ पट्ट्या ओरूमच्या दारात फेकल्या. "माझ्या भावाला मारलंस तू, म्हाताऱ्या."

ओरूम अळंबं बडवायची मोगरी हातात धरून तसाच बसून राहिला. हाल्कोचा शेळ्या-मेंढ्यांचा कळप पंधरा दिवसांपूर्वी एकटाच डोंगर उतरून आला होता. मागोमाग बर्फ पडलं आणि वाट बंद झाली. आज एका शिकाऱ्यानं निरोप आणला होता. दरीपलीकडून त्यानं हाल्कोला पाहिलं होतं, कड्याच्या आडोशाला, बसल्या जागी गोठलेलं.

"समोर लाकडं रचलेली होती," बार्द म्हणाला. "नीट रचलेली. पण पेटलेली नव्हती. समजलं?"

ओरूमला समजलं. तळ्याकाठच्या त्या वस्तीत त्याचं कामच ते होतं. भूर्जाच्या खोडांना गाईच्या खुरासारखी टणक अळंबी लागत. ती तोडायची, वरचं कवच सोलायचं, आतला मऊ थर राखेच्या पाण्यात उकळायचा, बडवून बडवून पातळ करायचा आणि वाळवायचा. मग ठिणगीचा पिवळा दगड गारगोटीवर ओढून त्यावर एक ठिणगी पाडली तरी पुरे. जाळ होत नाही, पण धग आत शिरते आणि सुटत नाही. वाळलं गवत लावून फुंकर घातली की झालं. डोंगरात जाणारा प्रत्येक जण ओरूमकडून पट्टी नेई. तीस वर्षं नेत होते. चूल पेटली म्हणून कधी कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

बार्द गेल्यावर ओरूमनं घरातल्या सगळ्या पट्ट्या बाहेर आणल्या आणि एकेक पेटवून पाहायला लागला.

"घर जाळतोस का आता?" त्याची बायको रूवा ओरडली.

"सगळ्या धरतात गं."

"मग बस ना गप."

"त्याला दिलेली कशी होती, ते यावरनं कसं कळणार?"

तो उठला, बसला, पुन्हा उठला. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाण्यापर्यंत गेला आणि उगाच परत आला. भाकरी तशीच राहिली. हाल्को पट्टी घ्यायला आला तो दिवस कसा होता? ऊन होतं की धुकं? त्याला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हाल्कोची बायको इश्ना दारात आली. पायात गवत भरलेली पायताणं, अंगावर नवऱ्याचं जुनं कातडं.

"काका, मी वर निघालेय. बार्दभावजी माणसं आणि डोली घेऊन मागनं येतायत. मला नाही थांबवत."

"मी येतो."

ती नको म्हणाली नाही, वाटेला लागली.

बर्फ भुसभुशीत झालं होतं. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. ओरूमला धाप लागत होती, तरी तो इश्नाच्या पुढे पुढे जात होता.

"काका, दमानं. पडाल."

"तू त्याच्यावर रागावलीस का कधी?"

"रोजच." ती जराशी हसली. "त्याची पिशवी मीच भरायची."

कड्याखाली हाल्को गुडघे पोटाशी घेऊन, हात काखेत खुपसून बसला होता. समोर देवदाराच्या फांद्या, त्यांच्याखाली वाळलं गवत. मांडीवर पिशवी उघडी. इश्नानं त्याच्या भुवयांवरचं बर्फ बोटानं पुसलं.

ओरूमला मात्र धीर धरवेना. त्यानं पिशवीतून पट्टी काढली. कोरडी होती! मऊ, लवदार. त्यानं कमरेचा ठिणगीचा पिवळा दगड काढला आणि पिशवीतल्या गारगोटीवर ओढला. दुसऱ्याच फटक्याला पट्टीच्या कोपऱ्यावर लाल ठिपका उमटून पसरत गेला.

"बघ, पोरी! पेटलं! बघ, माझं अळंबं..."

इश्ना त्याच्याकडे बघत नव्हती. ती पिशवीत बघत होती. गारगोटी होती, हाडाचा दाभण होता. पिवळा दगड नव्हता.

हाल्कोच्या बाजूला साधे दोन धोंडे पडले होते, कडा फुटलेले. ओरूमनं त्याचा हात काखेतून जरासा ओढून पाहिला. बोटांची पेरं सोलवटली होती.

"चूल विझली होती," इश्ना म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा येत होता. "तो निघाला त्या सकाळी. मी त्याच्या पिशवीतनं दगड काढला. पेटवली, आणि दगड फळीवर ठेवला. मग बाळ रडायला लागलं. त्यानंतर चूल विझलीच नाही, काका. दगडाची आठवणच झाली नाही मला. तो तिथंच असेल. अजून तिथंच असेल."

खालून माणसांचे आवाज आले. बार्द कुणाला तरी हाका मारत होता.

"मी सांगते त्यांना."

"बाळ किती महिन्यांचं तुझं?"

"चार. का?"

"बार्द एक दिवस ठेवून घेईल का तुला घरात? पोराला ठेवतील, तुला हाकलतील."

"मग मी काय..."

"गप."

त्यानं फुटके धोंडे दरीत भिरकावले. पट्टीचा जळका कोपरा तोडला आणि टाकायला जागा सुचेना म्हणून तोंडात घातला. जीभ भाजली. उरलेल्या पट्टीत त्यानं मूठभर बर्फ दाबलं, पाणी ठिबकेपर्यंत चोळलं आणि ती पिशवीत सारली. मग स्वतःच्या पिवळ्या दगडाकडे क्षणभर पाहिलं आणि तोही आत टाकला.

बार्द धापा टाकत वर आला. भावाकडे न बघता त्यानं आधी पिशवी उचलली. पट्टी पिळली. पाणी निघालं.

"ओली होती," ओरूम तोंडातलं कडू गिळून म्हणाला. "नीट वाळली नव्हती. माझी चूक."

बार्दनं हात उगारला. तो हात बराच वेळ वरच राहिला. मग तो भावाच्या पायाशी मटकन बसला आणि मोठ्यानं रडू लागला.

वस्तीतल्या लोकांनी नंतर पलीकडच्या काठावरून अळंबं आणायला सुरुवात केली. ओरूमशी कुणी भांडलं नाही. फक्त त्याच्या दारात यायचं बंद झालं.

"खरं सांग, वर काय बघितलंस?" रूवानं एकदा विचारलं.

"ओली होती."

"तीस वर्षं तुझ्या शेजारी बसून बडवतेय मी. तू ओली देणार?"

त्यानं मोगरी उचलली आणि बडवायला लागला. रूवानं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्याला खायला आधी वाढायची. त्याचे हात मात्र स्वस्थ बसेनात. रोज भूर्जाच्या रानात जायचं, तोडायचं, सोलायचं, बडवायचं. पट्ट्यांचा ढीग घरात मावेना.

थंडी उतरत आली तेव्हा एका दुपारी माणसं उन्हात जाळी विणत बसली होती. बार्दही होता. फळ्यांच्या वाटेवरून इश्ना आली, बाळ पाठीला बांधलेलं. ती सरळ ओरूमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, एक पट्टी द्या."

जाळ्यांवरचे हात थांबले.

"वहिनी!" बार्द ओरडला. "त्याच्याकडनं?"

"हो. यांच्याकडनंच."

ओरूमनं ढिगातून एक काढली, परत ठेवली, दुसरी काढली. शेवटी त्यानं सगळ्यात जाड पट्टी तिच्या हातावर ठेवली. इश्नानं ती पिशवीत टाकली नाही. उघड्या तळव्यावर धरून ती हळूहळू, एकेक फळी ओलांडत, सगळ्या माणसांच्या समोरून घरी गेली.