हेमांगीचा डबा

“हाई देखा,” म्हणत तापीबाईने झाकण काढलं आणि डबा रंजनाबाईंच्या टेबलावर ठेवला.

कळण्याच्या दोन भाकरी, वांग्याचं भरीत, मुळ्याच्या चकत्या. पहाटे धानोऱ्याला बांधलेलं सगळं संध्याकाळी जसंच्या तसं. भाकरीच्या कडा तेवढ्या वाळून वर उचलल्या होत्या.

“तीन दिन व्हयनात बाई. डबा जसा जास तसा येस. पोर तठे दिनभर उपाशी बशी ऱ्हास. शनवारपावत देखसू. शनवारलेबी असाच उना, तं मंग मी तिले कामले धाडस नही. मन्ही पोर घरमाच बरी शे.”

“कोनी बोलनं का तिले तठे?” रंजनाबाईंनी विचारलं.

“इचारं तं एकच सांगस. तुमीच इचारा.”

हेमांगी आईच्या पाठीशी उभी होती. अठराची झाली तशी नंदुरबारची ही विशेष शाळा तिच्यापुरती संपली. तरी वर्गात पाऊल टाकताच तिने चपला काढून भिंतीशी नीट जोडीने लावल्या होत्या.

“का गं हेमा, जेवली का नाहीस?” वर्गातलं मराठी रंजनाबाईंच्या तोंडी आपसूक आलं.

हेमांगीने खिडकीकडे पाहिलं. तिथे पितळी हातघंटा होती, मूठ घासून गुळगुळीत झालेली.

“घंटी वाजनी नही,” ती म्हणाली.

बावीस वर्षं रंजनाबाई दुपारी एकला ती घंटा वाजवत आल्या होत्या. त्यांतली अकरा वर्षं हेमांगी समोर बसलेली. शेवटचं सबंध वर्ष त्यांनी तिला मिरच्या वाळवायच्या पथारीवरच्या कामासाठी घडवलं. ताटात मिरच्या ओतून देठ खुडायला शिकवलं. लाल एकीकडे, पांढुरकी पडलेली दुसरीकडे. जेवणाआधी हाताला गोडेतेल, मग साबण, म्हणजे तिखट डोळ्यांत जात नाही. धानोऱ्याची एसटी कोणती, उतरायचं कुठे. वहीत एकेका गोष्टीपुढे त्यांनी खूण केली होती. कुठे काही राहिलंय, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा पिशवीत टाकली आणि पथारी गाठली.

शहराबाहेरच्या मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर मिरची पसरलेली. वाऱ्याची झुळूक आली की आधी नाकाला कळायचं. शेडखाली बायकांच्या रांगा, आणि रांगेच्या टोकाला हेमांगी. बोटं झरझर चाललेली, मान खाली.

मुकादम दलसिंगने घंटेकडे पाहून कपाळाला हात लावला. “बाई, आठे चाळीस बाया शेतस. घंटी वाजाडी तं त्या म्हनतीन, मुकादम मास्तर व्हयना.”

“एकच वेळा. दुपारले.”

“आनि ज्या रोज तुमी नही, घंटी नही,” सगळ्यांत जुनी तुळशीबाई मान वर न करता म्हणाली, “त्या रोज पोरनी काय करानं?”

रंजनाबाईंनी घंटा पिशवीत ठेवली. त्या तिथेच गोणपाटावर बसल्या. मग मनात आलं ते त्यांनी विचारलं, “तुमले कसं समजस व्हो, जेवाना टाइम व्हयना ते?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“सावली वजनकाट्यापावत येस, तव्हय.”

“आज कोठे शे सावली? आभाय भरेल शे.”

“सुरतनी गाडी जास, तव्हय.”

“ती तं रोज लेट. तू काय तिन्हीसंगे उपाशी ऱ्हास?”

हशा पिकला, त्यात दोघीतिघींना शिंका आल्या.

“तुळशीआक्का उठनी, का आम्हीबी उठतस,” एक म्हणाली.

“आनि तुमी, आक्का?”

तुळशीबाईचा हात थांबला. तिने खरंच विचार केला. “माले? माले भूक लागस ना बाई.”

परतताना रंजनाबाईंच्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत राहिलं. शाळेत घंटा होती. घरी आई ताट वाढून समोर सरकवायची. भूक लागली का, असं हेमांगीला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायची पाळीच आली नव्हती. भूक म्हणजे नक्की काय, कुठून सुरू होते ती? आणि आपण रोज एकला डबा उघडतो, तेव्हा आपल्याला तरी लागलेली असते का? त्या आठवून पाहत होत्या. काही केल्या आठवेना.

शुक्रवारी त्या हेमांगीच्या शेजारीच बसल्या. थोड्या थोड्या वेळाने तिचा हात तिच्याच पोटावर ठेवून विचारायच्या, “इथे काय होतंय?”

“काही नही.”

परत तेच. परत तेच. एक वाजला, बायका जेवून आल्या, हेमांगी मिरच्या वेचतच होती. तुळशीबाई बराच वेळ हे बघत होती. मग काम न थांबवता, जात्यावर बसल्यासारखी, ती हलक्या आवाजात म्हणू लागली:

*पोटमा पाखरू, करस चिवचिव,*
*दे वं त्याले दाना, त्यालेबी शे जीव.*

शेजारणीने ओळ उचलली, मग तिच्या शेजारणीने. हेमांगीची बोटं थांबली. तिने मान वाकवली, अजून वाकवली, आणि कान थेट पोटाशी न्यायला लागली.

“अवं, भाईर नही, आतमा,” बायका हसल्या. हेमांगीही हसली.

पण शुक्रवारचा डबाही भरलेलाच गेला.

शनिवारी रंजनाबाई कुणाला न सांगता आल्या आणि पोत्यांच्या थप्पीमागे उभ्या राहिल्या. पिशवीत घंटा होती. दीडपर्यंत वाट पाहायची, नाहीतर इथूनच वाजवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. डबा रिकामा होईल, पोरीचं काम टिकेल. सोमवारचं सोमवारी बघू.

एकला तुळशीबाई उठली. “चाल वं हेमा.”

“नही.”

बायका गेल्या. शेडखाली हेमांगी एकटी, तिच्याभोवती लाल ढीग. बायका जेवल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन कामाला बसल्या. घड्याळात एक अठ्ठावीस. रंजनाबाईंनी पिशवीत हात घातला.

हेमांगीची बोटं थांबली.

चिमटीत एक मिरची तशीच होती. ती कुठे बघत नव्हती. वर्गात लांबून कुणी येतंय अशी चाहूल लागली की तिचा चेहरा असाच व्हायचा. मिरची पांढुरकी होती. तिने ती पांढुरक्या ढिगात ठेवली. उठली. ओढणी झटकली. हाताला तेल चोळलं, मग साबण, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा.

“आते?” दलसिंग वजनकाट्यापासून म्हणाला. “सर्वी जेवी उठनात ना.”

तुळशीबाईने नुसता हात आडवा केला. “ऱ्हाऊ द्या. तिना टाइम आते व्हयना.”

हेमांगीने डबा उघडला. सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, ती भाकरी मोडू लागली. तिने एकदाही कुणाकडे पाहिलं नाही.

रंजनाबाई थप्पीमागून तशाच मागच्या मागे निघाल्या. रस्ता खडबडीत होता, पिशवी हिंदकळत होती. पार वळणापर्यंत त्यांनी घंटेतला लोलक मुठीत घट्ट धरून ठेवला होता.