शटर: वीरेंद्र

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, डिलीट मारलं, परत टाइप केलं. एक तर आमची मराठी घरातली, आईसोबत चालते तेवढीच, बाहेर सगळी हिंदी. दुसरं, सुगत म्हणेल, अबे माझी इज्जत काढून राहिला का. पण पुण्याच्या त्या साइटवर जे छापलं ते गावभर लोकांनी वाचलं. खरं काय झालं ते कोणीच नाही वाचलं. म्हणून लिहितो.

तर सुगत. रिछाईत, म्हणजे आमच्या इथल्या कारखान्यांच्या भागात, एका कारखान्यात मोटारी वाइंड करतो, आतली तांब्याची तार गुंडाळतो. गिटार मोबाइलवर बघून बघून शिकला. त्याला एकच नाद, ड्रोन मेटल. म्हणजे तार एकदा छेडायची आणि आवाज एवढा चढवायचा की तो संपतच नाही. ताल नाही, बोल नाही. आवाज भिंतीसारखा उभा राहतो आणि तुम्ही त्याच्यात.

एवढा आवाज घरात होतो का? म्हणून वीरेंद्र. आम्हा दोघांचा लहानपणापासूनचा दोस्त, डीजे चालवतो. लग्न, जयंती, गणपती, जी ऑर्डर येईल ती. त्याचे बेसचे डबे, म्हणजे मोठाले स्पीकर, रिछाईतल्याच एका टिनाच्या शेडमध्ये राहतात. सुगतनं गिटार त्या डब्यांत लावली, माइक बाहेर ठेवला, आणि पहिल्याच दिवशी वीरेंद्रला एक गोष्ट सापडली. शेडचं शटर खाली ओढलं की आवाज आत कोंडतो, पत्रा थरथरतो. गुडघ्याइतकं वर घेतलं की तोच आवाज मोकळा होऊन बाहेर पडतो. आणि मधे कुठेतरी, चार बोटं इकडे-तिकडे, आवाज श्वास घेतो. खरंच घेतो. मी उभा होतो तिथे, छातीत समजते.

मग वीरेंद्र शटरच वाजवायला लागला. हाताला दुपट्टा गुंडाळून, खाली वाकून, बोटबोट वर-खाली. दुसरं गाणं सगळ्यात लांब, त्यात त्यानं एकदाही हात सोडला नाही. दुपट्टा फाटला, तळवे सोलले, पठ्ठ्या हलला नाही.

अल्बमचं नाव ठेवलं 'टीन शेड'. खाली लिहिलं, गिटार: सुगत. शटर: वीरेंद्र.

नेटवर टाकल्यावर लोकांनी धुतलं. "भैया, गाना कब शुरू होगा?" "आमच्या कूलरचा पण अल्बम काढा." एकानं लिहिलं, फोन बिघडला समजून दुकानात घेऊन गेलो. सुगतची आई, गीताबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मोटर जळून राहिली का रे? बटण बंद कर पहिले!" जवळच्या सिहोऱ्याच्या एका पोरानं मात्र लिहिलं, "डोकं दुखलं. मग परत ऐकलं. काहून ते माहीत नाही." ते सुगतनं सगळ्यांना दाखवलं.

याचा राग नाही आला त्याला. शिव्या देणाऱ्यानं ऐकलं तरी असते.

मग अनुपमचा फोन आला. पुण्याचा मोठा समीक्षक, असल्याच गाण्यांवर लिहितो. सुगत त्याचं सगळं वाचायचा. त्याच्याशी बोलताना सुगत पुण्याची मराठी बोलायला गेला आणि प्रत्येक वाक्यात अडखळला.

"मी हे रेकॉर्ड करतोय हं," अनुपम म्हणाला. "लेखासोबत टाकू. आणि पुढच्या महिन्यात आमच्या कार्यक्रमात तू वाजवावंस अशी माझी इच्छा आहे."

"हो सर. म्हणजे, हो, नक्की सर."

"आणि ते 'शटर: वीरेंद्र'! काय धमाल लिहिलंयस! लहान शहरातला हा निरागस विनोद मला फार आवडतो." अनुपम जोरात हसला.

सुगतच्या तोंडाशी आलं होतं, सर, विनोद नाही. पण कानात पुणं वाजत होतं. तो पण हसला. "हो सर," म्हणाला.

आठवड्यानं लेख आला. सुगतची बहीण दीक्षा मोठ्यानं वाचत होती. "'कामगार वस्तीतून उमटलेला पिढ्यांच्या वेदनेचा हुंदका. भिक्षूंच्या पठणासारखा शांतवणारा.' दादा, हुंदका म्हणजे?"

"रडणं." सुगत उठून उभा राहिला. "कोण रडलं बे? कोण शांत झालं? याला कुठून ऐकू आलं?"

"तुझ्या प्रोफाइलवर जयंतीचा निळ्या झेंड्याचा फोटो आहे ना," दीक्षा म्हणाली. "तिथून ऐकू आलं असेल."

तो राग घेऊनच सुगत शेडवर गेला. वीरेंद्र सिहोऱ्याच्या लग्नासाठी डबे बाहेर काढत होता.

"वाचलं का बे?" सुगत आल्या आल्या सुरू झाला. "हुंदका म्हणतो साला! आपण काय रडून राहिलो होतो?"

वीरेंद्रनं हातातला डबा खाली ठेवला. खिशातून फोन काढला, लेखाखालचं रेकॉर्डिंग लावलं, बरोबर जागेवर नेलं. अनुपम हसला. मागून अजून एक जण हसला.

"हे कोण हसून राहिलं?"

सुगतनं फोन बंद करायला हात पुढे केला. वीरेंद्रनं फोन मागे घेतला.

"आवाज ओळखाचा धंदा आहे माझा, तुह्यं हसू नाही ओळखणार?" वीरेंद्रचा आवाज चढला. "तुले हुंदक्याचा राग आहे. मले हसण्याचा आहे. लग्नात नवरदेवाचा मामा पिऊन मले शिव्या देते, चालते मले. तो परका मामा आहे. तू माझा कोण बे?"

"ऐक ना..."

"जा पुण्याले. शटर लॅपटॉपवर वाजवजो."

सुगतचं तोंड लाल झालं. त्यानं तिथेच अनुपमला फोन लावला, स्पीकरवर. या वेळी पुण्याची मराठी गेली कुठल्या कुठे.

"सर, शटर मजाक नाही आहे. ते वीरेंद्रनं वाजवलं. लेखात त्याचं नाव नाही, ते लिहा."

"अरे, इतकं मनावर नको घेऊ. 'मित्राच्या सहकार्याने' असं कुठेतरी..."

"सहकार्य काहून? दुसऱ्या गाण्यात आवाज श्वास घेतो, तुम्हीच लिहिलं. सगळ्यात भारी जागा म्हणून लिहिलं. तो श्वास याचे हात आहेत."

"तसं असेलही. पण छापून आलेलं आम्ही बदलत नाही. आणि कार्यक्रमात एकाचीच जागा आहे. शटर काही तू पुण्याला आणणार नाहीस."

"मग तुम्ही या रिछाईले. शेडमध्ये उभे राहा, मग लिहा. आणि तो हुंदका काढा. कोणी रडलं नाही. राग होता. अजून आहे."

"विचार कर सुगत. अशी संधी परत..."

"मी नाही येत."

फोन ठेवला. किती वर्षं त्या कार्यक्रमाचे व्हिडिओ बघायचा तो, मला माहीत आहे.

वीरेंद्रनं डब्याला दोरी बांधली. "फोनवर ओरडला म्हणून झालं काय माझं?"

"नाही," सुगत म्हणाला.

"पुणं गेलं तुह्यं."

"गेलं."

गाडीवाला हॉर्न मारून राहिला होता. सगळ्यात जड डबा राहिला होता, एकट्यानं उचलत नाही तो. वीरेंद्रनं एक बाजू धरली आणि वाट बघत उभा राहिला, सुगतकडे न बघता. सुगतनं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून डबा गाडीत सरकवला. वीरेंद्रच्या तळव्यावरच्या खपल्या तेव्हा सुगतला अगदी जवळून दिसल्या.

"वीरेंद्र, ऐक. जिथं तुह्या शटरले जागा नाही, तिथं मी तार नाही छेडणार. आणि पुढच्या टायमाले कोणी तुह्यावर हसलं, कितीही मोठा असो, मी नाही हसणार बे. जबान देतो."