पोचलेल्यांचा रकाना

अर्थ खात्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण भिंतींना कान असतात तसे तिलाही होते. एखाद्या योजनेवर तिची नजर पडली, की पुढच्या अंदाजपत्रकात त्या योजनेचं नावही उरत नसे. यंदा पाळी घंटेची होती. नदीवर धुकं उतरलं की काठावरून घंटा वाजवायची, म्हणजे होड्यांना धक्का सापडतो, एवढंच त्या योजनेचं काम. मूल्यमापनाच्या अहवालात ‘धुक्यात बुडालेल्या होड्या’ या रकान्यात मात्र वर्षानुवर्षं एकच शब्द: निरंक. म्हणजे काही नाही. कुणी बुडतच नाही तर घंटा हवी कशाला, असा सरळ हिशेब करून तिनं शेरा तयार ठेवला होता: योजना बंद करावी. एकदा जागेवर जाऊन यायचं तेवढं राहिलं होतं.

होडी सुटली तेव्हा ऊन होतं. मध्यावर येईतो दोन्ही काठ विरघळून गेले. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळेना. नावाड्यानं वल्ही उचलून धरली आणि तो नुसता ऐकत बसला. कात्रीबाईला स्वतःचे हातसुद्धा दुसऱ्याच कुणाचे वाटू लागले. सकाळी झोपलेल्या लेकीला न उठवताच आपण निघालो, हे तिला उगीचच आठवलं. ती घाबरली, चांगलीच घाबरली. धुकं काही कात्रीनं कापता येत नाही.

मग घंटा वाजली. झोपेत कुणी लांबून हाक मारावी, तशी. नावाड्यानं होडी वळवली. घंटा, शांतता, पुन्हा घंटा, असं करत ती हळूच धक्क्याला लागली.

धक्क्यावर घंटेवाली मावशी शाल गुंडाळून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, हात मात्र दोरीवर. खात्याच्या बाई आल्यात असं कळलं तरी तिनं घंटा थांबवली नाही. मागे अजून एक होडी आहे, आधी ती येऊ दे, म्हणाली. योजना बंद करायला आलात ना, हेही तिनंच विचारून टाकलं.

“इतक्या वर्षांत कुणी बुडालं नाही ना, मावशी?” कात्रीबाईनं विचारलं.

“नाही बाई,” मावशीनं जांभई दिली. “सगळे तुमच्यासारखेच आले. घाबरून, पण आले.”

मागची होडी लागेपर्यंत कात्रीबाई तिच्याशेजारी बसून राहिली. आपण काय करून बसणार होतो, या विचारानं तिला गलबलून आलं.

अहवालाच्या नमुन्यात बुडालेल्यांसाठी रकाना होता, पोचलेल्यांसाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी घेऊन तो आखला, त्यात ‘एक’ लिहिलं आणि आपला शेरा खोडला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. आजवर निरंक असलेल्या योजनेत हा एक कुठून उपटला, ते त्यांना कळेना. पुरावा जोडा, म्हणाले.

“जोडता येणार नाही, साहेब,” ती म्हणाली. “तो तुमच्यासमोर उभा आहे.”