बिघडलेला मी नव्हतो

मी एक जुना हेडफोन आहे, आणि मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. माझ्या काचेच्या पेटीवर काहीही लिहिलेलं असो!

युद्ध पेटलं त्याच वर्षी माझा जन्म झाला. बंदरावरच्या नौदलाच्या वायरलेस खोलीत मला धाडलं. तिथे टेबलांशी सगळ्या मुलीच बसत. मला वापरणारी मुलगी एकोणीस वर्षांची होती. आठ-आठ तास मला डोक्याला लावून ती शत्रूचे संदेश टिपून घेई. माझ्या पट्टीने तिच्या कानामागे घट्टे पडले, पण तिने कधी कुरकुर केली नाही. मीही तिला कधी दगा दिला नाही.

टकटक करून संदेश पाठवताना बटण दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी असते. शत्रूच्या पाणबुडीवरचा एक जण शब्दाशब्दाला अडखळे. मुलींनी त्याचं नाव ‘लंगडा’ ठेवलं होतं. एका दुपारी तो इतका मोठ्याने ऐकू आला की ती ताडकन उठली आणि कागद घेऊन समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलाशी धावली.

“साहेब, लंगडा आलाय! अगदी जवळ आहे. बंदरातून निघालेलं आपलं जहाज थांबवा!”

साहेब हसले. “पोरी, टकटक ऐकून माणूस ओळखतेस होय? जा, जागेवर बस.”

तासाभरात जहाज बुडालं. चाळीस माणसं गेली. चौकशीत साहेबांनी चक्क कानांवर हात ठेवले. इशारा मिळालाच नाही म्हणे! अहो, तिचा कागद त्यांनी माझ्यादेखत चुरगाळून खिशात घातला होता. चोर तो चोर, वर शिरजोर! तिला हलगर्जी ठरवून घरी पाठवलं आणि मला नादुरुस्त म्हणून कपाटात कोंबलं.

आता मी संग्रहालयात आहे. गेल्या महिन्यात ती आली, काठी टेकत, नातीचा हात धरून. नातीने पाटी मोठ्याने वाचली, “नादुरुस्त हेडफोन आणि हलगर्जी ऑपरेटर यांच्यामुळे जहाज बुडाले.”

“आजी, ही हलगर्जी बाई कोण गं?”

“मी.”

“तू झोपली होतीस?”

“नाही गं बाळा. ऐकलं होतं, सांगितलंही होतं.”

“मग यांना सांग ना!”

“सांगून सांगून दमले.”

माझा नुसता जळफळाट झाला!

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण आधी ही खोटी पाटी काढा, आणि तिला विचारून नवी लिहा. ती याच गावात राहते. तिने ऐंशी ओलांडली आहे. उद्या-परवा करू नका.