चहाआधीचा रक्तदाब

मी रक्तदाबमापक बोलतोय. हल्ली बटण दाबलं की जे गुरगुरतात, त्यांच्यातला नव्हे. मी पाऱ्याचा. राखाडी पत्र्याची पेटी, झाकण उघडलं की उभी राहणारी काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. माझं कौतुक करायला आता फारसं कोणी उरलेलं नाही, म्हणून ते काम मीच करणार आहे. ऐकायचं तर ऐका.

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून मला पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने आणलं. मला वाटलं होतं, आपली रवानगी वॉर्डात होईल, आजूबाजूला पेशंट असतील, रुबाब असेल. पण मी गेलो पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात. तिथे एका माणसाला काय झालंय यापेक्षा अख्ख्या वस्तीला ते का होतंय याचा शोध घेतात. वॉर्डातले डॉक्टर या विभागाला गालातल्या गालात हसतात. पहिले काही दिवस मीही नाराज होतो.

ती नाराजी घालवली डॉक्टर वासंतींनी. त्या तेव्हा तरुण लेक्चरर होत्या, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांना एकच प्रश्न पडला होता. गाव सोडून शहरात पोट भरायला आलेल्या माणसाचा रक्तदाब वाढतो का? हडपसरला तेव्हा शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि लातूर, धाराशिवकडची माणसं कामाला येऊन तिथल्या चाळींत राहत होती. त्यांचा रक्तदाब मोजायचा, कसबा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा मोजायचा आणि ताडून पाहायचा, असं ठरलं. मोजायला मी आणि मला घेऊन फिरायला विजयमाला सिस्टर.

कसब्यात काम झटपट व्हायचं. श्यामराव नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. सिस्टर ओसरीवर टेकल्या तसे ते म्हणाले, "आमच्याकडे चहा चारला होतो. आत्ता अडीच वाजलेत. तेव्हा मोजून घ्या." सिस्टरांनी मोजलं, निघाल्या. रक्तदाब उत्तम.

हडपसरला मात्र उंबरा ओलांडला की स्टोव्ह पेटलाच. तिथल्या मुक्ताई माझ्या चांगल्या लक्षात आहेत. घरात खुर्ची एकच, पण आलेल्याला बसवायची हौस मोठी. "अवो सिस्टर, उन्हाचं आलाव, आधी च्या घ्या. मग मोजा काय मोजायचं ते," म्हणायच्या. पाहुण्याला एकट्याने चहा प्यायला लावणं त्यांच्यात बरं दिसत नाही, म्हणून सोबत आपणही घ्यायच्या. कप खाली ठेवला की हात पुढे. मुक्ताईंचा रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. त्यांचे मालक उत्तरेश्वर रात्रभर सुमो चालवून कंपनीच्या पोरापोरींना घरून आणायचे, पोचवायचे. त्यांचाही वाढलेला. चाळीत जवळजवळ प्रत्येकाचा वाढलेला. सिस्टर ज्याला त्याला चिठ्ठी देत गेल्या, की दवाखान्यात येऊन दाखवा.

विभागात आनंदीआनंद झाला. कसबा आणि हडपसर यांच्यात एवढा फरक कोणाला अपेक्षितच नव्हता. विभागप्रमुखांनी दिल्लीच्या परिषदेला शोधनिबंध पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. वासंतीबाईंचं नाव होणार होतं आणि त्यांच्यासोबत, निदान माझ्या मनात तरी, माझंही.

तेवढ्यात मुक्ताई चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आल्या. घाबरून अर्ध्या झाल्या होत्या. ओपीडीच्या रांगेत बराच वेळ बसल्यावर मोजलं तर रक्तदाब अगदी व्यवस्थित. तासाभराने पुन्हा मोजलं, तरी व्यवस्थित. त्या हसत घरी गेल्या आणि चाळभर बोभाटा झाला, की सिस्टरचं मशीन खोटं हाय. सगळ्यांनी चिठ्ठ्या फेकून दिल्या. उत्तरेश्वरांनीही फेकली आणि रात्री गाडी काढली.

खोटा म्हणवून घेणं मला फार लागलं. अहो, आमच्या जातीला बाकी काही येत नसेल, पण खोटं बोलता येत नाही. पारा चढेल तेवढाच चढतो. विभागप्रमुख सर म्हणाले, "जुनी वस्तू आहे, काढून टाका. परदेशी डिजिटल घेऊ, आता सगळं मिळतं." वासंतीबाईंनी मला काढलं नाही. त्यांनी वॉर्डातला दुसरा मापक मागवला आणि एकाच दंडावर आधी त्याला बांधलं, मग मला. दहा-बारा जणांवर हेच केलं. आम्ही दोघं एकच सांगत होतो. त्या दिवशी मला जे हायसं वाटलं ते कसं सांगू?

मग बाई मला घेऊन स्वतः हडपसरला गेल्या. मुक्ताईंनी स्टोव्ह पेटवला, घाईघाईने चहा केला, दोघी प्यायल्या. कप खाली ठेवून मुक्ताईंनी हात पुढे केला. पारा वर गेला, पहिल्यासारखाच. बाई त्या रिकाम्या कपाकडे बघत राहिल्या.

"मुक्ताबाई, आपण जरा बसू या," त्या म्हणाल्या.

"बसा की. आनी एक कप टाकू?"

"नको. आता चहा नको. नुसतं बसू."

अर्धा तास दोघी बसल्या. त्यानंतर मोजलं तर रक्तदाब ओपीडीत भरला होता तेवढाच. चहा आणि चहा करायची लगबग, दोन्ही मी मोजत आलो होतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको आणि पाच मिनिटं शांत बसवायचं, हा नियम पुस्तकात होताच. पण समोर आलेला कप नाकारायचा कसा, हे पुस्तकात नव्हतं.

परतल्यावर सरांच्या खोलीत वादावादी झाली. सर म्हणाले, "निबंध स्वीकारलाय. थोडा फरक चहाचा असेल, बाकीचा तर खराच असेल ना?"

"बाकीचा किती, ते मला माहीत नाही सर," बाई म्हणाल्या. "आणि त्या चाळीत खरंच कोणाला त्रास असेल, तर आज त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

त्यांनी निबंध मागे घेतला. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली आणि दिल्लीही गेली. विभागात टोमणे सुरू झाले. मी मात्र कपाटात ताठ मानेने उभा होतो, कारण मी कोणाच्या हातात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हडपसरचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी आधी विश्रांती, मग मोजणं, मग चहा. मुक्ताई आधी रुसल्या. मग त्यांनीच चाळीला दम भरला, "मॅडम मोजेस्तोवर कुनी स्टोव्ह पेटवायचा नाही." गप्प बसणं मात्र लोकांना चहा सोडण्यापेक्षा अवघड गेलं.

एकेकाचा पारा खाली येत गेला. आणि मग उत्तरेश्वर बसले. ड्यूटीवरून येऊन झोपून उठलेले, चहा नाही, घाई नाही. बाईंनी मोजलं. पारा पहिल्या वेळेला होता तिथेच. थांबून पुन्हा मोजलं, दुसऱ्या दंडावर मोजलं. खाली यायला तयार नाही.

उत्तरेश्वर हसले. "मशीन खोटं हाय ना मॅडम?"

"मशीन तेव्हाही खरं होतं. चुकलो आम्ही." बाईंनी पट्टा सोडला. "आज रात्री गाडी काढू नका. माझ्याबरोबर चला."

पहिल्या फेरीत सगळ्या चाळीचाच दाब वाढलेला होता. त्या गर्दीत हा एक खरा आजारी माणूस आम्हाला दिसला नव्हता, आणि तो रोज रात्री गाडीभर पोरं घेऊन हायवेने जात होता. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी त्याच दंडावर पारा जागेवर आला, तेव्हा मुक्ताईंनी माझ्या पेटीला हात लावून नमस्कार केला.

कसबा आणि हडपसर यांच्यातला फरक शेवटी उरला, पण निम्म्याहून कमी. बाईंनी तेवढाच छापला.

पुढे पारा विषारी म्हणून आम्हाला निवृत्त करायचा हुकूम निघाला. तो बरोबरच होता. माझा पारा काढून घेतला आणि मला विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवलं. बाई आता विभागप्रमुख आहेत. नवी मुलं आली की त्या मला बाहेर काढतात आणि हडपसरची गोष्ट सांगतात. तुम्हीही कोणाच्या दंडाला पट्टा बांधाल, तर त्या माणसाला आधी जरा बसू द्या. माझं एवढंच मागणं आहे.

मागच्या महिन्यात उत्तरेश्वर तपासणीला आले होते. केस पांढरे झालेत, सोबत नातीला आणलं होतं. नव्या यंत्राने मोजून झाल्यावर ते कपाटापाशी येऊन उभे राहिले. नातीने विचारलं, "आजोबा, हे चालतं का अजून?"

"न्हाई," ते म्हणाले. "पन याच्यामुळं मी चालतोय."