दोन कुलपांची पेटी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्हाला हातपाय नाहीत, चेहरा नाही, फक्त एक अरुंद फट आहे. त्या फटीतून जेवढे दिसेल तेवढेच तुमचे जग. माणसे म्हणजे नुसती बोटे. कुणाची शाईने माखलेली, कुणाची खडूने पांढरी, कुणाची थरथरणारी. आणि तुमच्या पोटात जे पडेल, ते दोन माणसे एकत्र आल्याशिवाय बाहेर निघणार नाही. केलीत कल्पना? मग आता तुम्ही मी झालात. मी एक जुनी पेटी आहे, ऑलिव्हच्या लाकडाची. अरब मुलखात स्फाक्स नावाचे शहर आहे, तिथल्या गणित मंडळाची.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष नाही. माझा जन्मच संशयातून झाला. मंडळाची पहिली निवडणूक झाली तेव्हा मते टाकायला कुणाची तरी टोपी फिरवली होती. सभासद होते अकरा आणि टोपीतून निघाल्या बारा चिठ्ठ्या. सगळे गणिताचे शिक्षक! तासभर भांडण झाले, पण बारावी चिठ्ठी कुणाची ते कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावणे गेले.

सुताराने मला आठ दिवसांत घडवले. एक कुलूप लावले. मग किल्ली कुणी ठेवायची यावरून पुन्हा भांडण. शेवटी दोन कुलपे ठरली. एक किल्ली अध्यक्षांची, एक चिटणीसांची.

"आत दागिने ठेवणार का?" सुताराने विचारले.

"नाही, कागद."

"कागदाला दोन कुलपं! बाबांनो, तुम्ही एकमेकांना सलाम तरी कसा करता?" असे म्हणत त्याने दुसरे कुलूप ठोकले.

तेव्हापासून माझ्या फटीतून काय काय पडले! नव्या सभासदांचे अर्ज, बदललेले पत्ते, पत्रिका वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी, खिडकीजवळच्या खुर्चीवर तोच माणूस रोज का बसतो असा जाब विचारणारे निनावी कागद. एकाच हाताने दोन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेल्या चिठ्ठ्याही मी पाहिल्या आहेत. असे रोज बघितल्यावर कुणाचा विश्वास शाबूत राहील? बोटे दिसली की मी मनात म्हणे, आता हा काय लपवतोय?

मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी माझे फार कौतुक झाले. अध्यक्ष म्हणाले, ही पेटी आहे म्हणून आपण एकत्र आहोत. आज मात्र मला कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवले आहे. माझ्या झाकणावर चहाच्या पेल्यांचे गोल डाग पडले आहेत, आणि एका कुलपाची किल्ली कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. लाकडाला तेलाचा हात मिळून वर्षे झाली, तीही अशा गावात, जिथे गल्लीगल्लीला तेलाचा वास येतो. असो. मला सांगायचे आहे ते माझ्या चांगल्या दिवसांतले, दोर्रा नावाच्या एका पोरीचे.

दर तीन महिन्यांनी मंडळाच्या पत्रिकेत एक प्रश्न छापला जाई. उत्तर कुणीही पाठवावे, थोराने किंवा पोराने. जिंकणाऱ्याला बक्षीस, आणि पोर जिंकले तर वर मंडळाचे विद्यार्थी-सभासदत्वही. रीत मात्र ठरलेली होती. उत्तराच्या कागदावर नाव लिहायचे नाही, एखादी खूण काढायची. मासा, चंद्र, किल्ली, काहीही. तीच खूण एका छोट्या पाकिटावर काढायची आणि नाव आत बंद करायचे. अध्यक्ष आणि चिटणीस धरून पाच परीक्षक सगळी उत्तरे महिनाभर आलटून पालटून घरी नेत आणि पुन्हा माझ्यात आणून ठेवत. पसंत पडलेल्या कागदावर प्रत्येक जण पेन्सिलीने बरोबरची खूण करी. पाच खुणा पडल्या, की भर सभेत तेवढेच एक पाकीट फोडायचे. बाकीची पाकिटे न उघडता जाळायची. हरलेल्याचे नाव कुणाला कळू नये म्हणून. एकदा पेटीत टाकलेले उत्तर परत मागायचे नाही, हाही नियम होता.

त्या वेळचा प्रश्न असा होता: एका सभेला काही लोक जमले. त्यांतल्या काहींनी काहींशी हात मिळवला. सिद्ध करा, की ज्यांनी सारख्याच संख्येच्या माणसांशी हात मिळवला, अशी निदान दोन माणसे त्या सभेत असणारच.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात लहान बोटांनी एक कागद आत टाकला. कोपऱ्यात डाळिंब काढले होते. दुसऱ्याच दिवशी तीच बोटे परत आली. या वेळी त्यांच्यात वाकवलेली केसांची पिन होती! पिन माझ्या पोटात इकडून तिकडे फिरू लागली. मी मनात ओरडले, चोर! दुसऱ्याची उत्तरे चोरायला आलाय!

"काय गं, मासे पकडतेस?" मागून आवाज आला. तो मंडळाचा शिपाई, म्हातारा खमीस. सगळे त्याला अम् खमीस म्हणत, खमीसकाका म्हणावे तसे.

पिन खाली पडली आणि पावले जिन्यावरून धडधडत पळाली. मी ठरवून टाकले, ही मुलगी काही खरी नव्हे.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सभा भरली. दोन्ही किल्ल्या फिरल्या, झाकण उघडले, आणि मला सगळी खोली दिसली. अध्यक्ष सी सादोक यांनी डाळिंबाचे पाकीट काढले. आमच्याकडे नावाआधी आदराने पुरुषाला सी आणि बाईला लल्ला म्हणतात. पाच खुणांचा कागद तोच होता. इतरांनी दोन दोन पाने लिहिली होती, आणि या पठ्ठ्याने चार ओळींत काम संपवले होते.

"फार मुरलेला हात दिसतो," सी सादोक कौतुकाने म्हणाले आणि त्यांनी पाकीट फोडले. आतली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"कोण आहे?" चिटणीस लल्ला नजीहा यांनी विचारले.

"दोर्रा शाबूनी. वय अकरा."

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या बाकावर शाळेतले शिक्षक सी बशीर शाबूनी बसले होते आणि शेजारी त्यांची मुलगी. बापाच्या चेहऱ्यावर आनंद उमटत होता, तोच सी मुनीर बोलले. हे परीक्षकांपैकी एक, जिभेला धार असलेले.

"वा बशीर! चिटणीसपदाची निवडणूक हरलास, आता मुलीच्या नावावर जिंकतोयस होय?"

"मी या कागदाला हातही लावलेला नाही," सी बशीर उठून म्हणाले.

"अकरा वर्षांची पोर चार ओळींत लिहीत नसते. पोरं फाफटपसारा लिहितात. कमी शब्दांत लिहायला केस पिकावे लागतात."

"तुमचे पिकून पडले, तरी तुमचं भाषण काही आटपत नाही," लल्ला नजीहा म्हणाल्या. दोघे-चौघे हसले, पण हसणे टिकले नाही.

"पेटीजवळ कुणी आलं होतं का, ते विचारा," सी मुनीर म्हणाले.

सगळ्यांनी अम् खमीसकडे पाहिले. तो चहाचे ताट घेऊन दारात उभा होता. त्याने एकदा मुलीकडे पाहिले, एकदा ताटाकडे.

"खोटं कसं बोलू," तो हळूच म्हणाला. "पोरगी आली होती. पिन होती हातात. पण साहेब, लहान आहे ती."

खोलीत कुजबुज सुरू झाली. मीही मनात म्हणाले, बघा, मी तेव्हाच ओळखले होते. सी सादोक यांनी चष्मा काढला. ते मुद्दाम कठोर होणारे गृहस्थ नव्हते, पण नियम नियमच होता. ते म्हणाले, "बशीर, उत्तर चोरलेलं निघालं तर मुलीचं विद्यार्थी-सभासदत्व तर गेलंच, पण तुझं नावही यादीतून कमी करावं लागेल."

सी बशीर खाली बसले. मग त्यांनी जे विचारले ते मला अजून आठवते. अगदी हलक्या आवाजात त्यांनी मुलीला विचारले, "दोर्रा, खरं सांग. कुणाचं उतरवलंस?"

बापानेही विश्वास ठेवला नाही, हे तिला कळले. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. उठली, सरळ फळ्यापाशी गेली आणि तिने खडू उचलला.

"खोलीत तीस माणसं आहेत असं समजा," ती म्हणाली. "एक माणूस जास्तीत जास्त एकोणतीस जणांशी हात मिळवेल. स्वतःशी नाही मिळवणार. म्हणजे प्रत्येकाचा आकडा एकपासून एकोणतीसपर्यंत कुठला तरी. आकडे एकोणतीस, माणसं तीस. म्हणजे दोघांचा आकडा सारखा येणारच. हे मी लिहिलं होतं."

"पाठांतर चांगलं आहे," सी मुनीर म्हणाले.

"आणि ते चुकलंय," दोर्रा म्हणाली.

सी मुनीर यांनी झटकन मान वर केली.

"चुकलंय? पोरी, पाच जणांनी तपासलंय ते!"

"हो. पण अम् खमीसना कुणी मोजलंच नाही."

अम् खमीस दचकला. ताटातले पेले किणकिणले.

"मीसुद्धा नव्हतं मोजलं," ती पुढे म्हणाली. "मला वाटलं, आत आलेला माणूस कुणाशी तरी हात मिळवतोच. आपल्याकडे कोण सलाम न करता बसतं? उत्तर पेटीत टाकलं आणि त्या दिवशी मी बाबांची वाट बघत इथंच बसले होते. तुम्ही सगळे आलात, सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. अम् खमीस पूर्ण वेळ खोलीत होते. त्यांच्या हातात ताट होतं. त्यांच्याशी कुणीच नाही मिळवला. त्यांचा आकडा शून्य. शून्य धरलं की आकडे तीस होतात, माणसंही तीस. मग माझं उत्तर पडतं."

मित्रांनो, परीक्षकांनी तो कागद पुन्हा पुढे ओढला आणि पाच डोकी त्या चार ओळींवर वाकली.

"म्हणून पिन?" लल्ला नजीहांनी विचारले.

"माझाच कागद काढायचा होता. परत मागता येत नाही ना. मग म्हटलं, चुकीचं आहे, निवडलं जाणारच नाही. पाकीट जाळून टाकतील." तिने नाक पुसले. "दुरुस्ती सुचली, तोवर मुदत संपली होती. एकाचा आकडा शून्य असेल, तर सगळ्यांशी हात मिळवलेला माणूस त्या खोलीत असूच शकत नाही. शून्य आला की एकोणतीस जातो. आकडे पुन्हा एकोणतीसच, माणसं तीस." आणि तिने फळ्यावर पाचवी ओळ लिहिली.

सी सादोक यांनी चष्मा चढवून पाचही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "उतरवून घेणाऱ्याला असली चूक दिसत नसते. बशीर, मुलीची माफी माग. नंतर आम्ही मागतो." सी बशीर यांनी हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली.

"पण सी सादोक," लल्ला नजीहा म्हणाल्या, "तुम्हाला नाही दिसली ती चूक?"

"तुमची खूण आधी होती कागदावर. म्हटलं, नजीहांनी पाहिलंय म्हणजे झालं."

"माझ्या आधी मुनीरची होती!"

सगळे सी मुनीरकडे वळले. त्यांनी मिशी चाचपली. "उत्तर छोटं होतं," ते म्हणाले. "छोटं होतं म्हणून आवडलं."

तेव्हा मला माझीच लाज वाटली. संशय घेण्यात माझे आयुष्य गेले, पण मी तो बोटांवर घेतला. पोटात पडलेल्या कागदावर कधी घेतला नाही. या पाच जणांनीही तेच केले होते. नाव ऐकल्याबरोबर त्यांना सतरा शंका आल्या. चार ओळी वाचताना मात्र एकही आली नाही. मुलांनो, शंका जरूर घ्या, पण आधी समोरच्या ओळीवर घ्या. माणसाची पाळी त्यानंतर.

सी सादोक उठले आणि हात पुढे करून अम् खमीसकडे गेले. म्हातारा बावरला. "अहो, ताट आहे हातात, सांडेल!"

"आता हात मिळवून उत्तर बरोबर होत नाही," दोर्रा म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळी खोली मोकळेपणाने हसली. सी मुनीर यांनी स्वतः उठून ताट धरले, तेव्हा कुठे अम् खमीसचे हात रिकामे झाले.

चहा झाला. मक्रूद या खजुराच्या मिठाईची बशी फिरली. बक्षीस दोर्रालाच, पाचव्या ओळीसकट छापायचे, असे ठरले. लल्ला नजीहांनी तिच्या विद्यार्थी-सभासदत्वाचे कार्ड भरायला घेतले आणि तिला बोलावले. पण दोर्रा गेली नाही. ती माझ्यासमोर उभी होती. माझ्या तळाशी नापास उत्तरांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून ठेवलेला होता. कुणावर मासा, कुणावर चंद्र. नाव कुणाचेच नाही.

"तुम्ही माझं न वाचता पास केलंत," ती परीक्षकांना म्हणाली. "मग ही सगळी वाचून नापास केलीत ना?"

सी मुनीर खिडकीबाहेर बघू लागले.

दोर्राने दोन्ही हात माझ्या पोटात घातले आणि गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला. अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावर गुडघे टेकून बसली, दोऱ्याची गाठ दातांनी सोडवली आणि पहिला कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.